'गुंड' हा शब्द आला कुठून, आणि आपण तो कुणाकुणाला लावतो?

शिवारवाट

सध्या वेगवेगळ्या ग्रुपांवर एकच मजकूर फिरतोय. सार असं: १९१० साली बस्तरमध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे आदिवासी नेते गुंडाधुर काही केल्या हाती लागेनात. त्या रागातून इंग्रजांनी त्यांच्या नावावरून बदमाश माणसाला 'गुंडा' म्हणायला सुरुवात केली आणि आपण तो शब्द आजही बिनदिक्कत वापरतो. खाली नेहमीप्रमाणे 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा'.

हा विषय मला जवळचा आहे, कारण माझं आडनावच गुंड आहे. सोलापूर, नगर, धाराशिव या पट्ट्यात आमची बरीच घरं आहेत. शेतकरी माणसं. गावात या आडनावाचं कुणाला काही वाटत नाही. दांडगे, लांडगे, वाघ, तसेच गुंड. पुण्याला शिकायला आलो आणि हजेरी घेताना वर्ग हसायला लागला. पुढे एका ठिकाणी मुलाखतीला गेलो, तर माझी फाईल हातात घेऊन समोरच्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "नावाप्रमाणेच आहात की काय?" त्यांना तो विनोद वाटला असेल. मला उत्तर सुचलं नाही.

आता माझी मुलगी शाळेत जाते. हा मजकूर खरा असेल तर आमचं आडनाव १९१० नंतरचं ठरतं, आणि ते शक्य नाही. आमच्या घरात त्याच्या आधीचे जमिनीचे कागद आहेत, त्यांवर गुंडच लिहिलंय. म्हणून इथल्या जाणकारांना विचारतो. हा शब्द मुळात कसला? त्याला वाईट अर्थ कधी चिकटला? आणि तुमच्या भागात तो कसा वापरतात, तेही लिहा.

निमा_ठाणे

चांगला धागा. तो मजकूर मलाही आला होता. वाचत राहीन.

गडचिरोली_मास्तर

बस्तरचा उल्लेख आलाय म्हणून आधी तिथलं लिहितो. आमच्या जिल्ह्याला लागूनच बस्तर. भाषा, बाजार, सोयरीक, सगळ्यांत ये-जा आहे.

गुंडाधुर हे जगदलपूरजवळच्या नेतानार गावचे, धुरवा समाजाचे. १९१० च्या फेब्रुवारीत जो उठाव झाला त्याला तिकडे 'भूमकाल' म्हणतात. कारणं साधी आणि पोटाशी बांधलेली होती. जंगलाचा मोठा हिस्सा राखीव करायचं इंग्रजांनी ठरवलं. म्हणजे फिरती शेती बंद, शिकार बंद, मोहफुलं गोळा करायलाही परवानगी लागणार. वर वेठबिगार आणि फुकटात माल उचलणारे अंमलदार. निरोप कसा फिरला बघा: आंब्याच्या डहाळ्या, मातीचं ढेकूळ, मिरच्या आणि बाण गावोगाव पोचवले गेले. कागदाचा चिटोरा नाही, तरी सबंध मुलुखाला कळलं. बाजार लुटले गेले, ठाणी आणि सरकारी घरं जाळली गेली, लुटलेलं धान्य लोकांत वाटलं गेलं. फौज आणून उठाव चिरडायला इंग्रजांना काही महिने लागले. गुंडाधुर शेवटपर्यंत सापडले नाहीत, हे मात्र त्या मजकुरात बरोबर आहे.

पण त्यांच्या नावावरून शिवी तयार झाली, हे खरं नाही. आणि मला त्याचं वाईट वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. ज्या माणसाच्या नावाने छत्तीसगड सरकार खेळाडूंना पुरस्कार देतं, त्याच्याबद्दल लोकांना एवढीच एक गोष्ट माहीत असते, आणि ती खोटी. जंगल का पेटलं, हे त्या मजकुरात एका ओळीतही नाही. मी वर्गात भूमकाल शिकवतो. मुलं ते ढेकूळ आणि मिरच्या कधी विसरत नाहीत.

कोशातला_किडा

मास्तरांशी पूर्ण सहमत. तारखेचा निकाल लावायला एक पुरावा पुरेसा आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ मध्ये निघाला, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यात 'गांवगुंड' आहे. म्हणजे भूमकालच्या निदान पन्नास वर्षं आधी आपल्या गावांत गावगुंड होते आणि त्यांना तेच म्हणत होते.

आता 'गावगुंड' या जोडशब्दाकडे नीट बघा. गावात एखादा असतोच, अंगापिंडाने भक्कम, कुणाला न जुमानणारा. बाहेरून कुणी आव्हान द्यायला आला की गाव त्यालाच पुढे करतं. एरवी त्याच्या वाटेला कुणी जात नाही. म्हणजे शब्दात धाक आहे, पण थोडा अभिमानही आहे. जुन्या वापरात हे दोन्ही पदर एकत्र नांदतात. 'गुंड म्हणजे गुन्हेगार' हे समीकरण नंतरचं.

मुळाबद्दल माझं मत सांगतो. 'गुंड'चा गाभा गोलपणाचा आणि भरीवपणाचा आहे. मराठीतलं सगळं कूळ एकत्र मांडा: गुंडाळणे, गुंडाळी, सुताचा गुंडा, गुंडी. कन्नड-तेलुगूत 'गुंडु' म्हणजे वाटोळा दगड, तोफेचा गोळा, बंदुकीची गोळी. दक्षिणेकडच्या भाषांतून आपल्याकडे आलेल्या शब्दांत हे कूळ बसतं, असं मला वाटतं. गोल, जड, हलवता न येणारा दगड आणि कुणी हलवू न शकणारा दांडगा माणूस, यांच्यात फार अंतर नाही. हा माझा तर्क आहे आणि मी तो तर्क म्हणूनच मांडतोय. बस्तरच्या कथेला मात्र तारखेचा आधारच नाही.

पूर्णाकाठ

अकोला-अमरावतीकडच्या माणसाला 'गुंड' म्हटलं की आधी पाण्याचं भांडं आठवते. शिवारवाट भाऊ, तुमचं आडनाव ऐकून आमच्याकडे कुणी हसणार नाही.

तांब्याचा किंवा पितळेचा गुंड असते. पोट गोल, गळा आखूड, काठ बाहेर वळलेला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गुंड, त्याच्यावर लहान गुंडी, असं बाया विहिरीवरून आणत. घरात घडवंचीवर मांडून ठेवत. सणाच्या आधी चिंच-मीठ लावून घासला की स्वयंपाकघरात उजेड पडते. पोचा आला की तांबटाकडे. लग्नात लेकीला गुंड द्यायची रीत होती आणि त्याच्यावर नाव कोरून घेत. माझ्या मोठ्या आईच्या गुंडावर तिचं माहेरचं नाव आहे. सासरी आल्यावर ते नाव कुणीच उच्चारलं नाही, पण भांड्यावर राहिलं.

आणि सदऱ्याच्या बटणाला आमच्याकडे अजूनही गुंडी म्हणतात. "गुंडी तुटली, लावून दे" हे रोजचं वाक्य आहे. कोशवाल्या दादांनी गोलपणाचं सांगितलं ते म्हणूनच पटलं.

पूर्णाकाठ

एक राहूनच गेलं, आणि ते या धाग्यासाठी सर्वांत महत्त्वाचं आहे.

अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभू होऊन गेले, चक्रधर स्वामींचे गुरू. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांत, म्हणजे पंथाने मानलेल्या पाच अवतारांत, त्यांची गणना होते. त्यांना गुंडम राऊळ म्हणतात. ज्या पंथाने मराठीला पहिलं मोठं गद्य दिलं, त्याच्या परमगुरूचं हे नाव! त्यांचं वागणं लोकांच्या रीतीत बसणारं नव्हतं. कुणाच्याही घरात शिरावं, हाताला येईल ते खावं, सोवळंओवळं पाळू नये, मातंगांच्या वस्तीत जावं, बाळंतिणीला आणि आजाऱ्याला मदत करावी. गावातल्या बड्यांना त्याचा त्रास वाटला असेल. बाकी गाव म्हणे, "राऊळ माय, राऊळ बाप."

आता मराठी भाषा विद्यापीठही रिद्धपूरलाच झालं आहे. तुमच्या लेकीला घेऊन एकदा या. गुंड नावापुढे हात जोडणारे लोक तिला दाखवतो.

शिवारवाट

पूर्णाकाठ, मला गुंडम राऊळ हे नाव ऐकून माहीत होतं, पण आमच्या आडनावाशी त्याचा संबंध जोडून बघावा असं कधी मनातही आलं नाही. रिद्धपूरला नक्की येणार.

सीमाभागकर

बेळगावहून लिहितोय. आमच्याकडे 'गुंड' हे लाडाचं नाव आहे. गुटगुटीत पोराला कन्नडमध्ये 'गुंडा', 'गुंडण्णा' म्हणतात. कन्नड विनोदांतल्या पोराचं ठरलेलं नाव गुंडा. मोठ्यांच्या नावांत गुंडप्पा, गुंडूराव. क्रिकेटपटू विश्वनाथ यांचं पूर्ण नाव गुंडप्पा रंगनाथ विश्वनाथ. आर. गुंडूराव कर्नाटकचे मुख्यमंत्री होते. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडेही जुन्या पिढीत गुंडू, गुंडोपंत, गुंडाप्पा ही नावं सर्रास सापडतील.

आणि कन्नडने एक फार नेमकी गोष्ट केली आहे. दंगा करणाऱ्यासाठी ते 'गूंडा' असा दीर्घ ऊकाराचा शब्द लिहितात. 'गूंडा कायदा', 'गूंडागिरी'. म्हणजे घरातला गुंडा वेगळा आणि बाहेरून आलेला गूंडा वेगळा. हिंदी-इंग्रजीच्या वाटेने तो अर्थ परत आला, तेव्हा त्याला वेगळं लिहून आपलं पोर वाचवलं. मराठीने हा भेद ठेवला नाही, म्हणून धागाकर्त्यांच्या वाट्याला ते हसू आलं.

मदरासी_मराठी

चेन्नईत बरीच वर्षं आहे. इथे १९८२ चा एक कायदा आहे, त्याला सगळे 'गुंडर सट्टम' म्हणतात. त्याखाली कुणाला आत टाकलं की पेपरात ठळक मथळा असतो. आणि त्याच तमिळमध्ये 'गुंडु' म्हणजे जाडा. माझ्या मुलाला शेजारच्या पाटी, म्हणजे आजी, प्रेमाने गुंडू म्हणतात. एकाच गल्लीत दोन्ही अर्थ रोज ऐकू येतात आणि कुणाचा घोळ होत नाही.

निमा_ठाणे

मग पुंड म्हणजे काय? गुंडपुंड असं जोडून म्हणतात ना?

बखरवाचक

निमाताई, पुंड हा गुंडाचा यमकापुरता जोडीदार नाही. त्याला स्वतःचा जुना आणि भारदस्त इतिहास आहे.

पुंड म्हणजे सत्ता न मानणारा. जुन्या कागदांत 'पुंड पाळेगार' अशी जोडी येते. किल्ला-गढी धरून बसलेले, वसूल न देणारे, आजूबाजूच्या रयतेला लुटणारे. त्यांच्या वागण्याला पुंडाई किंवा पुंडावा. सभासदाच्या बखरीत मावळ काबीज केल्याची हकीकत आहे, तिथे देशमुखांना दस्त (कैद) केलं आणि 'पुंड होते त्यांस मारिले' असं येतं. ही बखर सतराव्या शतकाच्या शेवटी, राजाराम महाराज जिंजीला असताना लिहिलेली. म्हणजे तेव्हा पुंड हा राज्यकारभारातला शब्द होता. गल्लीतला दंगेखोर आणि पुंड यांत फरक होता. पुंडाकडे माणसं असत, जागा असे, आणि वरच्याला नाही म्हणायची हिंमत असे.

त्याच काळातला दासबोध काढून बघा. एकोणिसाव्या दशकाच्या नवव्या समासात समर्थांनी अशा लोकांची यादीच दिली आहे:

हुंब्यासी हुंबा लाऊन द्यावा । टोणप्यास टोणपा आणावा ।
लौंदास पुढें उभा करावा । दुसरा लौंद ॥

पुढच्या ओवीत धट, उद्धट, खटनट. केवढी ही समृद्धी! प्रत्येक शब्दाचा माणूस वेगळा. हुंबा आडमुठा, टोणपा ठोंब्या, लौंद माजलेला, खटनट लबाड आणि कज्जेदलाल. आज आपण या सगळ्यांना एकाच 'गुंड' शब्दाच्या गोणीत भरतो. यातले हुंबा आणि लौंद आज बोलण्यातून जवळपास गेलेच.

आणि आता तुकोबा. पुंडलिकाला ते काय म्हणतात बघा:

कां रे पुंड्या मातलासी । उभें केलें विठ्ठलासी ॥
ऐसा कैसा रे तूं धीट । मागें भिरकाविली वीट ॥

देवाला अठ्ठावीस युगं उभा ठेवणारा, 'बैस' देखील न म्हणणारा. पुंडलिकाचं लाडकं नाव 'पुंड्या' आणि सत्ता न मानणारा पुंड, हे दोन्ही अर्थ त्या एका हाकेत ऐकू येतात. मातलासी, धीट हे शब्द त्याच्याच शेजारी ठेवले आहेत. शेवटी तुकोबा त्यालाच 'तूंचि बळिया एक निका' म्हणतात. दटावण्याचा शब्द घेऊन इतकं प्रेम करता येतं, हे मला दर वाचनाला नव्याने जाणवतं. वारीत हा अभंग ऐकताना माझा गळा दाटतो.

कोशातला_किडा

बखरवाचक, फार सुंदर. वाचनखूण साठवली.

एक भर घालतो. 'खटनट' बोलीत टिकून आहे, पण अर्थ थोडा हलून. काही भागांत हट्टी, खोडकर पोराला 'मोठा खट आहे' म्हणतात. 'खट्याळ' तर सगळ्यांचाच. वाईट शब्द लहान मुलांच्या वाट्याला आला की त्याची धार जाते. द्वाड, उनाड, टवाळ, वांड, सगळ्यांचं तेच झालं. 'काय गुंड कार्टं आहे!' हेही आजी कौतुकानेच म्हणते.

लालबागची

मुंबईचा शब्द कुणी काढलाच नाही. दादा!

माझं बालपण गिरणगावातल्या चाळीत गेलं. तिथे 'गुंड' हा शब्द पेपरातला. तोंडात दादा. आणि तोच शब्द घरात मोठ्या भावाला. आवाजावरून कळायचं कुठला दादा ते. "दादा आला" हे आई एका सुरात म्हणायची आणि खाली नाक्यावरचे दुकानदार दुसऱ्या सुरात.

जुन्या गिरणगावातला दादा नुसता मारामारी करणारा नव्हता. १९२०-३० च्या काळातल्या मुंबईबद्दल आमच्या आजोबांच्या पिढीने सांगितलेलं आणि नंतर अभ्यासकांनी लिहिलेलं, दोन्ही जुळतं. तालीम किंवा व्यायामशाळा त्याची, सणाची मिरवणूक त्याची, गावाहून आलेल्या पोराला खोली आणि कर्ज मिळवून द्यायचं त्याने, नवरा-बायकोच्या भांडणात मध्यस्थी त्याची. संप झाला की तो संपवाल्यांच्या बाजूला की मालकांच्या, यावर वस्तीचं भवितव्य ठरायचं. काही दादांनी संप फोडले, काहींनी पोटाशी धरले. त्यामुळे त्याला नुसतं गुंड म्हणून विषय संपवता येत नाही. त्याची भीती होती आणि गरजही होती.

त्याच्या खालची पायरी फाळकूट दादा. याच्याकडे तालीम नाही, माणसं नाहीत, फक्त कॉलर वर. मग टपोरी, मवाली. मवाली म्हणजे कामधंदा न करता नाक्यावर उभा राहून पोरींना त्रास देणारा. आम्ही मुली मान खाली घालून चालायचो ते मवाल्यांमुळे, दादांमुळे नाही. दादाच्या आळीत मुलीची छेड काढायची कुणाची टाप नव्हती. हे मी दादांचं कौतुक म्हणून सांगत नाही. हप्ता देणाऱ्या दुकानदाराच्या घरातली मुलगी वेगळं सांगेल, आणि तिचं म्हणणंही तितकंच खरं असेल.

ऐंशीच्या दशकात गिरण्या बंद पडल्या, आणि दादाच्या जागी 'भाई' आला. त्या दोन शब्दांमध्ये सबंध गिरणगाव बुडालं.

सीमाभागकर

लालबागची ताई, शेवटची ओळ वाचून थांबलो. आमच्याकडूनही बरीच माणसं गिरणीत होती.

पायरीवरचा_वकील

ताईंनी दादा काढला म्हणून लिहितो, नाहीतर नुसता वाचणार होतो. हा शब्द थेट कायद्याच्या नावात जाऊन बसला आहे. १९८१ चा महाराष्ट्राचा प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा, ज्याला पेपर 'एमपीडीए' म्हणतात, त्याचं मराठी नाव सुरू होतं 'झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार' असं. नंतर त्यात धोकादायक व्यक्ती आल्या, पुढे वाळू तस्करही आले. ते नाव एका श्वासात वाचता येत नाही. त्याखाली खटला न चालवता वर्षभरापर्यंत स्थानबद्ध ठेवता येतं. दुसरं हत्यार तडीपारीचं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ५५, ५६, ५७. जास्तीत जास्त दोन वर्षं हद्दीबाहेर.

पण 'गुंड' शब्दाची खरी कायदेशीर कथा आपल्या विदर्भाशी जोडलेली आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही.

बंगालने १९२३ मध्ये गुंडा कायदा केला, कलकत्त्यातून माणसांना बाहेर काढण्यासाठी. मध्य प्रांत आणि वऱ्हाडने १९४६ मध्ये स्वतःचा केला. नागपूर, अमरावती, अकोला तेव्हा त्याच प्रांतात. त्यात गुंडाची व्याख्या अशी होती की गुंड म्हणजे हुल्लडबाज, दांडगट किंवा भटका माणूस, आणि सार्वजनिक शांततेला धोका असणारा माणूसही त्यात धरावा. संपली व्याख्या. कुणाला दांडगट म्हणायचं, किती गुन्हे असले म्हणजे, कुणाच्या साक्षीवरून, काही नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांना वाटलं की माणूस हद्दीबाहेर.

१९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द ठरवला. बलदेव प्रसाद यांचा खटला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस गुंड आहे की नाही हे आधी ठरलं पाहिजे, ते ठरवण्याच्या कसोट्या कायद्यात नाहीत, आणि 'मी गुंड नाही' हे सांगायची धड संधीही त्या माणसाला नाही. देशात कुठेही फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क घटनेने दिला आहे, तो अशा ढिल्या शब्दावर काढून घेता येणार नाही.

मी तरुण वकील असताना हा निकाल वाचला आणि तेव्हापासून 'गुंड' हा शब्द युक्तिवादात वापरत नाही. समोरच्या पक्षकारासाठीही नाही. पुढे राज्यांनी व्याख्या जास्त नेमक्या करून नवे कायदे आणले, उत्तर प्रदेशचा १९७० चा, मग तमिळनाडूचा. तरी मूळ प्रश्न जिथल्या तिथे आहे. ज्याच्यावर तडीपारीची नोटीस येते त्याला मी रोज बघतो. कधी तो खरंच वस्तीला नकोसा झालेला असतो. बायका दबक्या आवाजात सांगतात, साक्षीला येत नाहीत, आणि त्यांच्या बाजूने विचार केला तर कायदा हवाच वाटतो. कधी मात्र तो फक्त मोर्चात पुढे असणारा कार्यकर्ता असतो.

गडचिरोली_मास्तर

वकीलसाहेब, त्या व्याख्येतला 'हुल्लडबाज' मूळ इंग्रजीत 'हूलिगन' असणार?

पायरीवरचा_वकील

हो मास्तर, अगदी तोच. आणि गंमत म्हणजे तो शब्द स्वतःच एका आडनावावरून आला असं मानतात. आयरिश आडनाव. १८९८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या पेपरांनी रस्त्यावर दंगा करणाऱ्या पोरांच्या टोळ्यांना तो लावला आणि तिथून तो जगभर गेला.

शिवारवाट

म्हणजे तिकडेही कुणीतरी आमच्यासारखं आडनाव सांगताना अडखळलं असेल. हे वाचून खूप धीर आला, खरंच.

तालुका_बातमीदार

मी तालुक्याच्या ठिकाणाहून एका दैनिकाला बातम्या पाठवतो. वकीलसाहेबांचं वाचून मला लिहावंसं वाटलं, कारण हा शब्द घराघरांत पोचवणारे आम्हीच आहोत.

आमच्या बातमीचे साचे ठरलेले असतात. 'कुख्यात गुंड', 'सराईत गुंड', 'तडीपार गुंड', 'गावगुंडांचा धुडगूस', 'गुंडाच्या मुसक्या आवळल्या'. पोलीस ठाण्यातून कागद येतो, त्यात बहुतेक वेळा 'सराईत गुन्हेगार' असतं. त्याचा 'सराईत गुंड' आम्ही करतो, कारण मथळ्यात बसतो. चार अक्षरांचा 'गुन्हेगार' दोन स्तंभांत मावत नाही. हे इतकं साधं कारण आहे. माणसावर दोष सिद्ध झालाय की नुसती तक्रार आहे, हे त्या दोन अक्षरांत कुठेच उरत नाही. आणि ती बातमी त्याच्या पोराच्या शाळेत वाचली जाते.

अलीकडे तर 'गुंडागर्दी', 'गुंडाराज' असे हिंदी साचे सरसकट येतात. मराठीत 'गुंडगिरी' असताना. त्यावर मी माझ्यापुरता कडक आहे.

कोशातला_किडा

'गुंडागर्दी'बद्दल शंभर टक्के. मराठी शब्द 'गुंड', हिंदी 'गुंडा'. मराठीत 'एका गुंड्याने' असं लिहिलेलं दिसलं की मला त्रास होतो. 'गुंडाने' म्हणा. गुंड्या फक्त सदऱ्याला.

निमा_ठाणे

बातमीदार, मग मथळ्यात काय लिहायचं? उपाय आहे का काही?

तालुका_बातमीदार

निमाताई, मी सध्या असं करतो. निकाल लागलेला असेल आणि शिक्षा झालेली असेल तर 'गुन्हेगार'. तपास चालू असेल तर 'संशयित'. गुन्हे नोंद असतील तर 'मारहाणीचे गुन्हे दाखल असलेला' असं पूर्ण लिहून पाठवतो, मथळा लांब झाला तरी. डेस्कवर कधी कापतात, कधी राहतं. गावात दहशत असेल तर दहशतीची हकीकत लिहितो: कुणाचं दुकान फोडलं, कुणाला रात्री घराबाहेर काढलं, किती दिवस बाजार बंद राहिला. एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला तो माणूस कसा आहे ते कळतं.

आणि नावाचा भाग असा, की मागे एका अपघाताच्या बातमीत जखमीचं आडनाव गुंड होतं. पानावर ते 'गुंड जखमी' असं छापून आलं. त्यांच्या घरच्यांचा फोन आला तेव्हा काय बोलावं सुचेना. आता अशा बातमीत मी आधी पूर्ण नाव लिहितो आणि फोन करून डेस्कला सांगतो की हे आडनाव आहे, कापू नका.

शिवारवाट

बातमीदार, तो फोन केल्याबद्दल मनापासून आभार. आमच्यातल्या कुणाचं तरी नाव त्यामुळे नीट छापून येईल.

सगळ्यांचं लिहिलेलं मुलीला वाचून दाखवलं. तिला तांब्याचा गुंड बघायचा आहे. पूर्णाकाठ, दिवाळीनंतर रिद्धपूर जमेल का? थंडी असेल आणि शाळेला सुट्टीही. येताना मोठ्या आईंच्या त्या नाव कोरलेल्या गुंडाचं दर्शन घडवाल का?

पूर्णाकाठ

या ना भाऊ. गुंड घडवंचीवरच आहे. पोरीला म्हणावं, त्यातलं पाणीही प्यायला लागेल.

सीमाभागकर

अवांतर: धाग्यात मालवणी आणि कोकणी कुणीच आलं नाही. गोव्यात आणि सिंधुदुर्गात अशा माणसाला काय म्हणतात? कुणी असेल तर लिहा, मी वाट बघतोय.